शेरा

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांमागे दोन खोल्या,
तेवढंच आमचं संग्रहालय.
पाटी मीच रंगवली. 'लय'साठी जागा उरली नाही,
तो खाली, वेगळा बसलाय.

आत चांदीचा पेला, एका बाजूनं चेपलेला.
गार्ड हनोख पेझारकर यांची शिट्टी,
म्हणजे माझ्या बाबांची; काचेत ठेवल्यावर
मी त्यांना पूर्ण नावानं हाक मारायला लागले.
कीर्तनाची वही: मोशेचं आख्यान,
साकी, दिंडी, मध्येच गायब चार पानं.
परसात पत्र्याखाली घाणा,
अलिबागकडून ट्रकनं आणलेला.
भाडं घाण्याहून महाग पडलं.

दर महिन्याला एक सांस्कृतिक कार्यक्रम,
असं अनुदानाच्या कागदावर कबूल केलंय.
सप्टेंबरात मुलांनी नोहाचं तारू रंगवलं,
त्यात वाघ चार. नागपूरची मुलं, दोघांवर भागेना.
नोव्हेंबरात व्याख्यानाला दोघं आले,
पैकी एक मीटर बघायला.

जानेवारीत झाडांचा वाढदिवस. रविवार धरला, शनिवार टाळून.
मलिद्याचं ताट लावलं: गूळ-खोबऱ्यातले पोहे,
वेलची, खजूर, पाच फळांत काटोलची संत्री.
कीर्तनाला ठाण्याच्या सिपोराबाई रोहेकर यायच्या होत्या.
सकाळी फोन: गुडघा म्हणतो, नको.
आणि नेमकी त्याच दिवशी माणसं आली.
खुर्च्या संपल्या, शेजारच्या चर्चमधून बाक आणले.

तारूवाल्या मुलीचे आजोबा, मौद्याचे गोमाजी वाडीभस्मे,
एकटेच परसात उभे होते,
घाण्याभोवती फिरत, पाहुण्यांची म्हैस पाहावी तसे.
"बाई, लाट उलटी बसवली तुमी."
तीन वर्षं उलटी होती.
तीन वर्षं मी शाळांना ती तशीच समजावून सांगितली.

चौघांनी धरून लाट उचलली.
तीळ कुठून आणणार, किराणावाल्याकडून जवस आलं.
बैल नव्हता, सातवी 'ब' होती.
मी सांगितलं, आम्ही शनवार तेली,
कोकणात शनिवारी आमचा घाणा बंद असायचा.
"आमचा सोमवारी," गोमाजी म्हणाले,
"बैलाले का फरक पडते? सुट्टी ते सुट्टी."

लाकूड करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं.
तबल्याला बोलावलेला इंदोऱ्याचा पोरगा, सुगत,
खिडकीतून ऐकत होता; बोटं आपोआप चालू झाली.
मग मीच वही उघडली.
आवाज माझा नाही, शिक्षण टायपिंगचं.
समुद्र दुभंगला तिथं घसा दाटला,
फारो बुडाला तिथं जरा बरा लागला,
आणि ओघात पुढचं पानही वाचलं गेलं:
तेल सव्वा शेर, मीठ एक आणा, आबशालोमची चप्पल.
कुणी हसलं नाही.
सुगतनं चपलेवर सम दिली.

उखळाच्या तळाशी तेल आलं,
पिवळं-काळं, वाटीभरही नाही.
सगळ्यांनी बोट लावून वास घेतला.

बाबा गेले तेव्हा कद्दीशला दहा पुरुष लागत होते.
भुसावळचे दोन धरून सात झाले.
प्रार्थना ओठांवर तशीच ठेवून
आम्ही स्मशानाच्या फाटकाशी रिक्षा केल्या.
कायद्यात ही माणसं बसत नाहीत, मला माहीत आहे.
बायका, मुलं, बौद्ध, तेली, बाकांबरोबर आलेला सॅक्रिस्टन.
मी काही मोजलं नाही त्या अर्थानं.
रजिस्टर भरायचं असतं म्हणून मोजलं.

दिनांक. कार्यक्रम. उपस्थिती: एकेचाळीस.
शेवटचा रकाना शेऱ्याचा, नेहमी कोरा जातो.
बोटाला तेल होतं, कागदावर डाग पडला.
त्याच्या बाजूला लिहिलं:
लाट सुलटी केली.